पाय (१९९८) : एक खोली, एक कॉम्प्युटर आणि मागे लागलेलं सगळं जग

३२२ गुणिले ४९१. शेजारची चिमुरडी मुलगी हातात कॅल्क्युलेटर घेऊन जिन्यात मॅक्सला गाठते आणि हे विचारते, आणि मॅक्स चालता चालता उत्तर देतो, १५८१०२. मग ती विचारते ७३ भागिले २२, तर तो ३.३१८१८१८ असं म्हणत जिना उतरायला लागतो, आता या आकड्याला शेवटच नाहीये, १८ १८ १८ असं ते कायमचं चालू राहणार. बारीकसाच सीन आहे, पण अख्खा माणूस त्यात कळतो. आकड्यांशी त्याचं जमतं, समोर हसत उभ्या असलेल्या पोरीशी दोन शब्द बोलायला मात्र त्याला थांबवत नाही. डॅरेन अरोनॉफ्स्कीचा हा पहिला पिक्चर, 'पाय', म्हणजे गणितातला ३.१४ वाला पाय. लांबी फक्त ८४ मिनिटं, पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, आणि कमी पैशात केलेल्या सायन्स फिक्शनमध्ये मला याच्या इतका अंगावर येणारा पिक्चर दुसरा माहीत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट फोडणार नाही. मॅक्स कोहेन हा न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये एकटा राहणारा गणितज्ञ. सहा वर्षांचा असताना आई नको नको म्हणत असताना त्याने सूर्याकडे टक लावून बघितलं होतं, डोळे गेलेच होते, पट्ट्या बांधाव्या लागल्या, नंतर दिसायला लागलं पण तेव्हापासून भयंकर डोकेदुखी मागे लागली ती कायमची. घरात त्याने युक्लिड नावाचा कॉम्प्युटर स्वतः जोडून बनवलाय, म्हणजे टेबलावर ठेवलेला डबा नाही हां, खोलीच युक्लिड आहे, छतापासून जमिनीपर्यंत वायरी, बोर्ड, पंखे, मॉनिटर, आणि त्यातून वाट काढत मॅक्स फिरतो. त्याचं म्हणणं असं की गणित ही निसर्गाची भाषा आहे, कुठलीही गोष्ट आकड्यांत मांडता येते, आणि आकडे नीट मांडले की पॅटर्न दिसतोच. मग शेअर बाजार तरी वेगळा कसा असेल? तर तो शेअर बाजारातला पॅटर्न शोधतोय, पैशासाठी नाही, नुसतं असेल तर सापडलं पाहिजे म्हणून. एक दिवस युक्लिड काही शेअरचे भलतेच भाव सांगतो, २१६ आकडी एक संख्या प्रिंट करतो आणि बंद पडतो. मॅक्स वैतागून तो कागद चुरगाळून फेकून देतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बघतो तर भाव तंतोतंत खरे.

इथून पुढे त्या कागदासाठी त्याची जी तडफड सुरू होते ती बघताना आपलाच घसा कोरडा पडतो.

आता पैशाबद्दल, कारण या पिक्चरची चव त्यातच आहे. ओळखीच्यांकडून, नातेवाईकांकडून, मित्रांकडून शंभर शंभर डॉलर मागून शूटिंगचे पैसे उभे केले, पिक्चर चालला तर प्रत्येकाला दीडशे परत असा शब्द देऊन. साधारण ६० हजार डॉलर जमले. मॅक्सचं काम करणारा शॉन गलेट हा नुसता नट नाही, गोष्ट रचण्यातही तो आहे. पिक्चर १९९८ च्या सनडान्सला, म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या, स्वतंत्र सिनेमांच्या फेस्टिवलला गेला, अरोनॉफ्स्कीला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, पिक्चर विकला गेला आणि नुसत्या अमेरिकेत ३० लाख डॉलरच्या वर धंदा केला. म्हणजे शंभर डॉलर देणाऱ्यांचं भलं झालं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण कमी पैसे होते तरी छान जमलं असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, मी म्हणेन कमी पैसे होते म्हणूनच हे जमलंय. मोठे सेट परवडत नाहीत, मग कॅमेरा एका खोलीत कोंडला गेला. गर्दीचे मोठे सीन परवडत नाहीत, मग माणसं तुकड्यातुकड्यांत दिसतात, एक कान, एक डोळा, प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा असलेला कोणीतरी. आणि संशयाने पछाडलेल्या माणसाला जग असंच दिसत असणार ना, तुकड्यातुकड्यांत, प्रत्येक तुकडा जरुरीपेक्षा जवळ. मॅथ्यू लिबाटिकने कॅमेरा केलाय आणि फिल्म वापरलीय ती १६ एमएमची ब्लॅक अँड व्हाइट रिव्हर्सल, म्हणजे नेगेटिव्ह नाही, जी फिल्म कॅमेऱ्यात घातली तिच्यावरच सरळ चित्र उमटतं. या फिल्मला उजेडाचा अंदाज जरा चुकलेला चालत नाही, पांढरं एकदम पांढरंफटक होतं, काळं एकदम डांबरासारखं, मधला राखाडी रंग जवळजवळ गायबच. त्यामुळे मॅक्सच्या चेहऱ्याचा अर्धा भाग कायम अंधारात गिळलेला असतो आणि उरलेला अर्धा भाजून निघाल्यासारखा दिसतो. त्यात फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रात दिसणारे ते बारीक ठिपके, एवढा मोठा की भिंतीसुद्धा वळवळतायत असं वाटतं. डोकेदुखीचा झटका आला की स्क्रीन पांढरी होते तेव्हा तर बघणाऱ्याचे डोळे आपोआप बारीक होतात. हे कोणी स्पेशल इफेक्टने केलं असतं तर चकचकीत दिसलं असतं आणि असर गेला असता.

अजून एक युक्ती म्हणजे कॅमेरा नटाच्या अंगालाच बांधलाय, याला स्नॉरिकॅम म्हणतात. मॅक्स पळतो तेव्हा त्याचा चेहरा फ्रेममध्ये जागच्या जागी आणि मागचं सगळं शहर हलतंय, भेलकांडतंय. नंतर हा शॉट इतक्या पिक्चरमध्ये, गाण्यांच्या व्हिडिओत आलाय की तो ओळखीचा झालाय, पण इथे तो स्टाइल मारायला घेतलेला नाही, इथे त्याला अर्थ आहे, हा माणूस स्वतःच्या डोक्यातून बाहेर पडूच शकत नाहीये एवढंच तो शॉट सांगतो.

आवाज. याच्याबद्दल किती लिहू असं झालंय. क्लिंट मॅन्सेल हा बँडमधला माणूस, सिनेमाला संगीत द्यायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि त्याने दिलंय इलेक्ट्रॉनिक, धडधडणारं, सुरुवातीच्या नावांपासूनच आपल्याला पळवत नेणारं. पण संगीतापेक्षाही मला ते छोटे छोटे आवाज जास्त लागले. मॅक्स गोळ्या घेतो तो प्रकार बघा, डबीचं झाकण, तळहातावर गोळ्या, तोंडात, गिळणं, सगळं सटासट कापलेलं, प्रत्येक कटला आवाजाचा फटका. आणि हे परत परत येतं, जवळजवळ त्याच शॉट्समध्ये, तेवढ्याच वेगात, इतकं की पुढे पुढे डबी दिसली तरी आपलं अंग आकसतं, कारण आता झटका येणार हे कळलेलं असतं. तेच दाराचं. बाहेर पडायच्या आधी दाराच्या भिंगातून डोकावणार, मग एक कडी, दुसरी कडी, तिसरी, साखळी, एकामागून एक खटाखट. या घराला इतकी कुलपं आहेत आणि तरीही या माणसाला आत सुरक्षित वाटत नाही, हे एकही डायलॉग न टाकता सांगून टाकलंय.

मग त्याच्या मागे लोक लागतात. एकीकडे वॉल स्ट्रीटची एक कंपनी, तिची बाई मार्सी डॉसन फोनवर फोन करते, गोड बोलते, भेटायचंच म्हणते. दुसरीकडे कॉफी शॉपमध्ये भेटलेला लेनी मेयर नावाचा धार्मिक ज्यू, तो आणि त्याची मंडळी तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, हिब्रू मजकुरात आकड्यांचा अभ्यास करतायत. लेनीचा हिब्रू अक्षरांचा सीन मला प्रचंड आवडतो कारण तिथे पिक्चर थांबून आपल्याला खरोखर काहीतरी शिकवतो. हिब्रूत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडाही असतो. बाप म्हणजे 'अव', आलेफ १ आणि बेत २, बेरीज ३. आई म्हणजे 'एम', आलेफ १ आणि मेम ४०, बेरीज ४१. दोघांची बेरीज ४४. आणि मूल म्हणजे 'येलेद', योद १०, लामेद ३०, दालेत ४, झाले ४४! पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला. पुढे लेनी अजून दोन शब्द काढतो, त्यांचे आकडे १४४ आणि २३३, आणि मॅक्सचे डोळे चमकतात कारण या दोन लागोपाठच्या फिबोनाची संख्या आहेत (१, १, २, ३, ५, ८ अशी प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असलेली माळ) आणि २३३ ला १४४ ने भागलं की जवळजवळ १.६१८ येतं, तेच ते सुवर्ण गुणोत्तर, ही माळ जसजशी पुढे जाते तसतसं लागोपाठच्या दोन संख्यांचं गुणोत्तर ज्याच्या जवळ जातं ते. इथे आपणही त्याच्याबरोबर घसरलेलो असतो. आपल्यालाही वाटायला लागतं की अरे यात काहीतरी आहे. हीच तर दिग्दर्शकाची खरी करामत, मॅक्स वेडा आहे असं तो लांबून दाखवत नाही, आपल्याच डोक्यात तो किडा सोडतो आणि मग गंमत बघत बसत नाही तर आपल्याला हाताला धरून पुढे नेतो.

२१६ हा आकडाही उगीच उचललेला नाही. बायबलच्या 'निर्गम' पुस्तकातल्या १४व्या अध्यायात १९ ते २१ अशी लागोपाठची तीन वचनं आहेत, मूळ हिब्रूत प्रत्येकात ७२ अक्षरं, ७२ त्रिक २१६, आणि कब्बालाच्या, म्हणजे ज्यूंच्या गूढ विद्येच्या, परंपरेत त्यातून देवाचं नाव काढतात. लेनीच्या मंडळींना मॅक्सच्या डोक्यातली संख्या हवीय ती यासाठी. कंपनीला हवीय बाजारासाठी. मॅक्सला हवीय कळावं म्हणून. तिघांनाही एकाच गोष्टीची तहान लागलीय, सगळ्याच्या मागे एक किल्ली असली पाहिजे ही तहान, आणि मशीन बिचारं फक्त दिलेले आकडे दळतंय. टेक्नॉलॉजीवरच्या बहुतेक पिक्चरमध्ये कॉम्प्युटर शेवटी माणसावर उलटतो, इथे तसं काही होत नाही. युक्लिड कोणाचं वाईट करत नाही, तो तापतो, बंद पडतो, त्याच्या बोर्डांवर मुंग्या फिरतात, आत चिकट काहीतरी सापडतं, जणू तोही शरीरच आहे. सगळी भीती येते ती त्याच्याकडून उत्तर मागणाऱ्या माणसांकडून. म्हणून हा पिक्चर जुना होत नाही. त्यातले मॉनिटर, फ्लॉपी, टेलिफोन, भिंतीवर पळणारे शेअरचे भाव सगळं नव्वदच्या दशकातलं आहे, पण ढीगभर डेटा मशीनमध्ये ओतायचा आणि बाहेर जे येईल त्यावर देवासारखा विश्वास ठेवायचा हे तर आज जास्त चालतं.

आणि संशयाचं म्हणाल तर एक गोष्ट फार हुशारीने केलीय. मॅक्सला वाटतं लोक आपल्या मागावर आहेत, आणि लोक खरंच मागावर असतात! पण त्याच वेळी तो सबवेच्या स्टेशनात अशाही गोष्टी बघतो ज्या तिथे असूच शकत नाहीत. एका ठिकाणी चक्क एक मेंदू पडलेला दिसतो आणि मॅक्स त्याला पेनाने टोचतो, टोचल्याबरोबर कर्कश आवाज कानात घुसतो. आता यातला कुठला पाठलाग खरा आणि कुठला भासातला हे वेगळं करायची सोयच ठेवलेली नाही, दोन्ही सारख्याच कॅमेऱ्याने, सारख्याच उजेडात घेतलेत. भास सुरू झाला म्हणून चित्र धूसर करा, रंग बदला, असला बाळबोध प्रकार कुठेच नाही.

या सगळ्यात एकच जागा अशी जिथे श्वास घेता येतो, ती म्हणजे सॉल, मॅक्सचे म्हातारे सर. मार्क मार्गोलिसने हे काम केलंय, 'ब्रेकिंग बॅड'मधला घंटी वाजवणारा हेक्टर सलामांका ज्यांना आठवतोय त्यांनी हा माणूस इथे बघाच, किती मायेने बोलतो, किती थकलेला दिसतो. सरांनी आयुष्यभर पायच्या आकड्यांत पॅटर्न शोधला आणि स्ट्रोक आल्यावर सोडून दिलं. दोघं गो खेळत बसतात, काळ्या पांढऱ्या सोंगट्यांचा तो खेळ, आणि बोलता बोलता सर आर्किमिडीजची गोष्ट काढतात. राजाचा सोन्याचा मुकुट, शुद्ध आहे का ते शोधायचंय, दिवसेंदिवस झोप नाही, शेवटी बायको वैतागून म्हणते जा आंघोळ कर, आणि टबात बसल्यावर उत्तर सुचतं. मॅक्स म्हणतो तात्पर्य, चिकाटी ठेवली की उत्तर सापडतं. सर म्हणतात चूक, तात्पर्य त्या बायकोत आहे, बायकोचं ऐक, आंघोळ कर, जरा थांब. पिक्चरमधलं सगळ्यात माणुसकीचं बोलणं हे आहे आणि मॅक्सला ते ऐकूच जात नाही. युक्लिड नेमका का बंद पडला याबद्दलही सर पुढे एक कल्पना मांडतात, की एखाद्या प्रश्नात अडकलेलं मशीन मरायच्या आधी क्षणभर स्वतःला ओळखतं आणि आपणच कशाचे बनलोय ते छापून टाकतं. एका म्हाताऱ्याच्या दोन वाक्यांत एवढं सायन्स फिक्शन आहे, आणि त्याला खर्च शून्य.

आता खटकलेलं. गणित माहीत असलेल्यांना मधेमधे त्रास होणार. सुरुवातीच्या नावांमागे पायचे आकडे पळतात त्यातले पहिले थोडेच बरोबर आहेत, पुढचे चुकीचे, आणि ज्या पिक्चरचं नावच पाय आहे त्याने एवढी काळजी घ्यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. शंखापासून आकाशगंगेपर्यंत सगळीकडे सुवर्ण सर्पिल, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराने मोठं होत जाणारं वेटोळं, आहे असं मॅक्स म्हणतो तेही खरं नाही. नॉटिलस या समुद्री जिवाच्या शंखाचं सर्पिल लॉगरिदमिक असतं, म्हणजे प्रत्येक वेढ्याला ठरावीक पटीने मोठं होतं, हे बरोबर, पण ते सुवर्ण गुणोत्तराचं नसतं, मोजून बघितलं की जुळत नाही. हे मॅक्सचं पछाडलेपण म्हणून चालून जातं, पण पिक्चर त्याच्या बाजूने जरा जास्तच झुकतो. मार्सी डॉसन आणि तिची माणसं तर पार पोकळ आहेत, धमकी देण्यापलीकडे त्यांना काही काम नाही, लेनीला जेवढं माणूसपण दिलंय त्याच्या पाव हिस्सासुद्धा त्यांना मिळालेलं नाही. शेजारीण देवी, सामोसे घेऊन येते, काळजी करते, समिया शोएबने तेवढ्यात जीव ओतलाय, पण लेखकाला तिच्यात रसच नाही, मॅक्सला किती एकटं राहायचंय हे दाखवायला ती आहे. आणि तिसऱ्या पाव भागात झटका, भास, पळापळ, परत झटका असं तेच तेच होतं, तिथे पाच सात मिनिटं कमी चालली असती.

तरीही यातल्या कुठल्याच गोष्टीने माझी पकड सुटली नाही. मॅक्स शेवटी लेनीच्या मंडळींना तोंडावर सांगतो ते फार मोलाचं आहे, की २१६ आकड्यांच्या संख्या काय, सगळ्या लिहून काढल्या तरी हाती काय लागणार, नुसती संख्या म्हणजे काही नाही, तिच्यात काय दडलंय ते महत्त्वाचं. (सगळ्या लिहून काढणं तर शक्यच नाही म्हणा, जवळपास १ वर २१६ शून्यं एवढ्या त्या होतील, दिसणाऱ्या विश्वातले अणू १ वर ८० शून्यांच्या आसपास धरतात.) एवढं कळूनही तो थांबत नाही, आणि मग जे होतं ते तुम्हीच बघा.

कसा बघावा तर, मोबाईलवर अजिबात नको. खोलीत अंधार करा, शक्यतो चांगले हेडफोन लावा, कारण आवाजाचं अर्धं काम कानात घुसून होतं. २०२३ मध्ये १४ मार्चला, म्हणजे पाय डेलाच (अमेरिकेत तारीख ३/१४ अशी लिहितात म्हणून), २५ वर्षांनिमित्त नवी साफ केलेली प्रिंट आयमॅक्समध्ये लावली होती, ती मिळाली तर तीच बघा, पण दाणा पुसून गुळगुळीत केलेली कुठली कॉपी हाती आली तर सोडून द्या, दाणा गेला की अर्धा पिक्चर गेला. ज्यांना मायग्रेन आहे, लखलखणाऱ्या उजेडाचा त्रास होतो, त्यांनी मात्र खरंच जपून, यात पांढरे झगझगीत फ्लॅश खूप आहेत, आणि रक्त फार नसलं तरी एकदोन जागा पोटात कालवणाऱ्या आहेत. लहान मुलांबरोबर नको. गणिताची भीती असेल तर ती सोडा, बेरीज भागाकाराच्या पलीकडचं काही समजावं लागत नाही. अरोनॉफ्स्कीचा बॅले नर्तकीवरचा 'ब्लॅक स्वान' आवडला असेल तर हा आधीच बघायला हवा होता, सरावाच्या हट्टापायी स्वतःला संपवत नेणारा माणूस तिथे पोचायच्या बारा वर्षं आधी इथे, या कोंदट खोलीत तयार झालाय. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या चुकलेल्या आकड्यांचा कापलाय.